घाटात साधी गाडी सरस होती

ही हकिगत मी आजवर तीन वेळा लिहायला घेतली आणि तिन्ही वेळा म्हसावदच्या पुढे गेलो नाही. मित्रांना सांगताना तर मी त्या प्रवासातून घाटच वगळत असे. नंदुरबारची शेवभाजी, तापीची वाळू, धडगावचा बाजार एवढं सांगून विषय बदलायचा. आता ऐकणारे फारसे उरले नाहीत आणि माझाही भरवसा नाही. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, धुळ्याचा एक तालुका होता. मी पुण्याचा, पण मुंबईत एका शेठजींच्या गॅरेजात मुख्य मिस्त्री होतो. शेठना शर्यतींचा नाद. त्यांच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, एकाच करड्या रंगाच्या दोन गाड्या होत्या. एक कारखान्यातून आली तशीच, साधी. दुसरी मी आठ महिने खपून शर्यतीसाठी केलेली. तिला एकाच्या जागी दोन कार्बोरेटर, हेड घासून वाढवलेलं कॉम्प्रेशन, वेगळा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर. मागचं आसनसुद्धा वजन कमी करायला काढून टाकलेलं. मुंबईजवळ घाट चढण्याची शर्यत व्हायची होती. तिच्यात साध्या गाड्यांचा गट वेगळा आणि सुधारलेल्या गाड्यांचा वेगळा. शेठ एकच गाडी उतरवणार होते. कुठली, हे ठरवायला मला दोन्ही घेऊन सातपुड्याच्या घाटात पाठवलं. तिथे आपली तयारी पाहायला कोणी नाही, हे त्यामागचं कारण.

नंदुरबार ते शहादा

एक गाडी मी आणि दुसरी छगन पाटील चालवणार होता. छगन तापीकाठच्या एका गावातला गुजर शेतकऱ्याचा मुलगा. घरी कापूस आणि केळी, पण याचा जीव चाकांत. अकरा वर्षं तो लाकडाचे ट्रक धडगावच्या घाटातून खाली आणत होता. शेठनी आदल्या वर्षी शिकारीला आले असताना त्याला ट्रक चालवताना पाहिलं आणि शब्द दिला, "गाडी नीट वर नेलीस तर मुंबईची शर्यत तूच चालवायची."

नंदुरबार स्टेशनाबाहेर तो मला पहिल्यांदा भेटला. पांढरं धोतर, वर खाकी शर्ट. त्याने दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली, शर्यतीच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"मिस्तरी, हाई गाडी पहिलवान शे," तो म्हणाला. "पन पहिलवान घाट चढस का? घाट चढस ती बकरी."

मी हसलो, पण मला ते आवडलं नाही.

त्या दिवशी त्याने मला एका खाणावळीत नेलं. शेवभाजीचा रस्सा असा लाल की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे पुण्यात भाजीत गुळाचा खडा पडतो, हे मी सांगितल्यावर छगनने खाणावळवाल्याला हाक मारली, "भाऊ, ह्या मिस्तरीले गूळ दे रे, पोरगं रडी ऱ्हायनं." अख्खी खाणावळ हसली. मीही हसलो. त्या मुलखात मला कोणी ओळखत नव्हतं, मला त्यांची अहिराणी निम्मीच कळत होती, आणि तरी त्या दुपारी मला परकं वाटलं नाही. पुढच्या दिवसांचा विचार करता हे नोंदवून ठेवायला हवं.

तापीवर पूल होता की नव्हता, याबद्दल माझी खात्री उरलेली नाही. आम्ही गेलो ते वाळूवर पाचट अंथरून केलेल्या वाटेने, एवढं नक्की. साधी गाडी निमूट पार झाली. शर्यतीच्या गाडीचं पोट खाली बसवलेलं, ती वाळूत रुतली. कापसाच्या गाडीचे बैल सोडून तिला ओढून काढावं लागलं. बैलवाल्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला अजून आठवतं.

पलीकडे शहाद्याच्या सपाट रस्त्यावर मात्र माझी गाडी खरी दिसली. मैलांच्या दगडांवर घड्याळ लावून आम्ही दोन्ही पळवल्या. साधी गाडी एका वेगापुढे नुसता आवाज करायची. माझी तिथून पुढे जिवंत व्हायची. छगन उतरला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "मिस्तरी, मुंबईले हाई गाडी मन्हा हात मा देशात ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "देणार म्हणजे देणारच."

म्हसावद आणि घाट

घाटाच्या पायथ्याच्या म्हसावदला एका शेतकऱ्याच्या खळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही सामान ठेवलं. मी खळ्यासमोरच्या एका घरात उतरलो. खोलीची किल्ली छगनकडे, कारण खळ्याचा मालक त्याला ओळखत होता, मला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही गाड्या पाळीपाळीने घाटात नेल्या. दोन्ही वेळा चालवायला छगन आणि शेजारी घड्याळ घेऊन मी. घाट कच्चा, लाकडाच्या ट्रकांनी दोन चाकोऱ्या पाडलेला. फाल्गुन लागला होता. साग निष्पर्ण, आणि मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा. पहिल्या वळणावर एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी छगनने गाडी हळू केली, एक बिडी तिथे ठेवली आणि पुढे निघाला. "त्याले बी तलफ येस," एवढंच म्हणाला.

आधी शर्यतीची गाडी. तिची ताकद वरच्या फेऱ्यांत होती. घाटातल्या वळणांवर वेग पडला की ती दम सोडायची. छगन क्लच अर्धवट धरून, इंजिन ओरडवत तिला पुन्हा उचलायचा, तोवर पुढचं वळण यायचं. मग साधी गाडी. ती दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायची आणि त्याच गिअरमध्ये, कुरकुर न करता, बाहेर पडायची. वर पोहोचलो तेव्हा मी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. साध्या गाडीने दोन मिनिटांहून जास्त वेळ वाचवला होता.

 बकरीची आठवण छगनने करून दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तसेच आम्ही धडगावला गेलो. भोंगऱ्याचा बाजार भरला होता. होळीआधीच्या त्या बाजारात डोंगरातले पाडेच्या पाडे उतरतात. ढोलांचा आवाज जमिनीतून यावा तसा येत होता. चांदीच्या कड्यांनी हात भरलेल्या पावरा आदिवासी बायका, गूळ, साखरेचे हार-कंगन, खजूर. आमच्याकडच्या जत्रेत देवळाभोवती रांग असते. इथे देऊळ नव्हतं, रांग नव्हती, माणसं एकमेकांना भेटायलाच आली होती. एवढ्या गर्दीत बोलायला माझ्याजवळ कोणी नव्हतं, कारण छगनला हाका मारणारे पावलोपावली भेटत होते आणि मी खिशातल्या घड्याळाशी खेळत होतो.

आम्ही परत निघताना एक म्हातारा पावरा गाडीपाशी आला. म्हसावदला ठेवलेल्या दुसऱ्या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत, हे छगनने त्याला त्याच्या बोलीत समजावलं. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं आणि छगन पोट धरून हसायला लागला. मला म्हणाला, "बाबा इचारी ऱ्हायना, एका तोंडवर चालस तर तिले दोन तोंडं कसाले?"

मी रात्रभर त्या प्रश्नाला उत्तरं शोधत पडलो. मग ठरवलं की दोष गाडीत नाही, कार्बोरेटरच्या मिश्रणात आहे.

चूक

मधला एक दिवस माझ्याकडे होता. शेठ जीपने येणार होते आणि त्यांच्यासमोर शर्यतीची गाडी घाट चढणार होती. मी दिवसभर खळ्यात बसून दोन्ही कार्बोरेटर उघडले, जेट बदलले, सगळं धुतलं.

इथे गॅरेजाची एक सवय सांगायला हवी. सुटे भाग धुवायला आम्ही पेट्रोल आणि रॉकेल एकत्र करून वापरत असू आणि ते कधी फेकत नसू. संध्याकाळी फडक्यातून गाळून डब्यात परत भरायचं, उद्या पुन्हा वापरायचं. त्या डब्याच्या तोंडाला मी नेहमी एक चिंधी बांधून ठेवायचो, म्हणजे ओळख पटे. साध्या गाडीला शहाद्याचं पेट्रोल पुरे, पण वाढवलेल्या कॉम्प्रेशनला ते चालत नाही, म्हणून शर्यतीच्या गाडीसाठी मुंबईहून चढ्या दर्जाचं पेट्रोल आणलं होतं. तेही तसल्याच डब्यात. त्या संध्याकाळी दोन्ही डबे काठोकाठ भरलेले, खोलीत शेजारी शेजारी. आणि ती चिंधी सोडून मी तिलाच हात पुसले होते.

सकाळी शेठची जीप आली तेव्हा मी घाईत होतो. एक डबा उचलला आणि टाकीला नरसाळं लावलं. छगन शेजारी उभा होता. त्याने हात पुढे केला.

"थेंबभर हात वर टाका ना, मिस्तरी."

ही तिकडच्या ट्रकवाल्यांची रीत. काही ड्रायव्हर पेट्रोल विकून टाकीत रॉकेल भरत, म्हणून पेट्रोल कोणाकडूनही आलं तरी आधी तळहातावर एक थेंब घ्यायचा. पेट्रोल उडून जातं, हात गार पडतो. रॉकेल असलं तर तेलकटपणा मागे राहतो.

"माझ्या पेट्रोलवर संशय?" मी म्हणालो. "मुंबईहून आणलंय ते."

"संशय नही. रीत शे. मन्हा बापनी दिधं तरी मी देखी लेस."

"तुझ्या बापाला दाखव मग," मी म्हणालो आणि डबा ओतला. शेठ जीपमधून हसले. छगनने हात मागे घेतला आणि शर्टाला पुसला. त्यावर काहीच पडलं नव्हतं.

जुनं चांगलं पेट्रोल टाकीत थोडं होतं, त्यावर गाडी सुरू झाली. घाटाच्या पायथ्याशी आवाज बदलला. आत कोणी हातोडीने ठोकावं तसा.

"मिस्तरी, इंजिन ठोकी ऱ्हायनं. थांबाडू का?"

मी तो आवाज त्याच्याइतकाच ऐकला होता. मागे शेठची जीप होती. "चालव," मी म्हणालो.

सहाव्या वळणावर धडाका झाला, पांढऱ्या धुराने काच भरून गेली आणि गाडी थांबली. पिस्टनला भोक पडलं होतं.

शेठ उतरले. त्यांनी टाकीत नळी घातली, दोन थेंब तळहातावर घेतले आणि वाट पाहिली. मग तो हात आम्हा दोघांसमोर धरला. तळवा उन्हात चकाकत होता.

"रॉकेल," ते म्हणाले. "कुणी घातलं?"

मला तेव्हाच कळलं. चिंधी आठवली, हात पुसल्याचं आठवलं, सगळं. आणि मी तोंड उघडून म्हणालो, "खोलीची किल्ली रात्रभर छगनकडे होती."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

 "शेठ, मी डबाले हात बी नही लावा," छगन म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मिस्तरी, तुम्ही तरी सांगा ना."

मी बॉनेट उघडून आत वाकलो. वाफ तोंडावर येत होती.

"लाकडाच्या ट्रकवरचा माणूस," शेठ म्हणाले. "सवय कुठे जाते?" आणि त्यांनी त्याला तिथेच निरोप दिला. छगन घाट उतरू लागला. सहा वळणं. तो प्रत्येक वळणावर खाली पुन्हा दिसायचा, आणखी लहान झालेला. एकदाही त्याने वर पाहिलं नाही. जीपचा ड्रायव्हर शहाद्याचा होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या ट्रकवाल्यांत गेली आणि ज्या ठेकेदाराकडे त्याची अकरा वर्षं गेली, त्यानेही त्याला दारात उभं केलं नाही, असं नंतर कळलं.

परतीची वाट

गाडी ट्रकवर चढवून खाली आणायला तिसरा प्रहर झाला. खळ्यात गेलो. किल्ली कुलपातच होती. चांगल्या पेट्रोलचा डबा तिथेच होता, तसाच काठोकाठ भरलेला. शेठ पुढे निघून गेले होते. मी तो डबा साध्या गाडीच्या टाकीत रिकामा केला, म्हणजे कोणाला भरलेला सापडायला नको. मग रिकामा डबा हातात घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत बसून राहिलो. मी उतरलो होतो त्या घरच्या बाईने जेवायला बोलावणं पाठवलं. भूक नाही म्हणून सांगितलं. खरं तर भूक होती, पण त्या माणसांच्या समोर बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच साधी गाडी घेऊन निघालो. म्हसावद सोडल्यावर मैलभर अंतरावर रस्त्याच्या कडेला छगन चालत होता, खांद्यावर वळकटी. पुढे निघून जावं, असं मला वाटलं. पण त्या रस्त्यावर गाडी रिकामी असताना माणसाला टाकून कोणी जात नाही. थांबलो.

"बठू का?" त्याने विचारलं.

"बस ना."

 कापसाची वखरलेली रानं, केळीच्या बागा. तीन-चार मैल गेल्यावर त्याने मान किंचित कलती केली. अशी तो इंजिन ऐकताना करायचा.

"आज हाई गाडी मस्त चाली ऱ्हायनी," तो म्हणाला.

"हं."

थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहतच, "हाई पेट्रोल शहादानं नही."

माझे हात चाकावर होते. रस्ता सरळ होता, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.  शहाद्याच्या पुढे त्याच्या गावचा फाटा आला तेव्हा तो उतरला, वळकटी घेतली आणि दार धरून उभा राहिला.

"तुमले काही सांगानं शे का, मिस्तरी?"

एवढी उघडी संधी मला आयुष्यात कोणी दिली नाही. मी म्हणालो, "नाही. सांभाळून जा."

त्याने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर चाललं असतं.

मुंबईत मी अहवाल लिहिला: शर्यतीची गाडी सर्व बाबतीत सरस, बिघाड इंधनातल्या भेसळीमुळे. घाटातली वेळ मी लिहिलीच नाही. शर्यतीत माझी गाडी उतरली, दुसऱ्या कोणी चालवली आणि वळणांवर दम सोडून मागे पडली. आता नोंद दुरुस्त करतो. सपाटीवर माझी गाडी सरस होती. घाटात साधी सरस होती, दोन मिनिटांहून जास्त, आणि ती वर नेणारा छगन पाटील होता.

पुन्हा एकदा

सहा-सात वर्षांनी मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. या वेळी एस.टी.ने. तो केळीच्या बागेत पाण्याच्या इंजिनाचा पट्टा चढवत होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्याने आश्चर्य दाखवलं नाही. "या मिस्तरी," म्हणाला आणि घरी घेऊन गेला.

ओसरीवर त्याने मला पाट दिला. आमच्यात खिचडीवर तूप वाढतात; तिथे त्याच्या बायकोने शेंगदाण्याचं कच्चं तेल धारेने ओतलं आणि वर पापड चुरला. वाढता वाढता, नवऱ्याकडे मान करून, ती मला म्हणाली, "भाऊ, ह्या मुंबईले शर्यतले जानार व्हतात. मंग खरं काय व्हयनं, आजपावत माले सांगं नही. तुम्हीन तरी सांगा."

म्हणजे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. सगळा गाव त्याला रॉकेलवाला म्हणतो, हे मी फाट्यावरच ऐकलं होतं. तरी ज्या एका माणसाचं नाव घेऊन तो सुटला असता, ते नाव त्याने बायकोजवळही घेतलं नव्हतं.

"राहू दे ना," छगन तिला म्हणाला. "पाव्हनाले जेवू दे."

मग तो माझ्याकडे पाहत थांबला. तीही थांबली, पळी हातात धरून. वाक्य मी मुंबईपासून घोकत आलो होतो आणि ते लहानच होतं: छगनभाऊ, रॉकेलचा डबा मी ओतला होता, तुमचा काही दोष नव्हता, मला माफ करा. ते माझ्या जिभेवर होतं. दोघंही वाट पाहत होते.

"वहिनी," मी म्हणालो, "थोडी कढी वाढता का?"